तज्ज्ञाची जीभ आणि गिऱ्हाइकाची जीभ

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'भाजीचे नवे वाण आणि त्यांची पारख' असे सांगितले. त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. कामगार संघटनेच्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, फार तर १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलावे. वांगी-टोमॅटोवर बोलण्याचा त्याला अधिकार कोणता? ही शंका त्यांनी बोलून दाखविली नाही, पण ती रास्त आहे. आमचा अधिकार एवढाच, की भाजीबाजारातील हमाल, तोलणार आणि माल निवडणाऱ्या बायका यांच्या संघटनेत आमची तीस वर्षे गेली. शेतातून निघालेली भाजी शहराच्या ताटात पडण्यापूर्वी आमच्या माणसांच्या पाठीवरून जाते. नवे वाण आले, गाजले आणि नाहीसे झाले, हे आम्ही पुस्तकातून नव्हे, पाठीवरच्या ओझ्यावरून ओळखीत आलो. पुस्तकी विद्या म्हणाल तर ती रात्रीच्या वाचनालयातली आहे. तीत कोठे चूक आढळली तर सभेतील शेतकी पदवीधरांनी ती अवश्य दुरुस्त करावी.

पाचसहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बाजारात नेहमी माल आणणाऱ्या एका तरुण शेतकऱ्याने दीड एकरावर वांग्याचे नवे वाण लावले. बियाणे विकणाऱ्या कंपनीने पीक पाहण्याचा कार्यक्रम ठेवला होता. तेथे जाणकारांनी झाडावरची फळे मोजून दाखविली, फळ कापून आत कीड नाही हे दाखविले, आणि देठावरून बोट फिरवून काटा नाही हेही दाखविले. ही शेवटची गोष्ट लहान नव्हे. काटेरी वांगी तोडणाऱ्या बायकांची बोटे हंगामाच्या अखेरीस कशी दिसतात हे ज्याने पाहिले आहे, तो बिनकाट्याच्या वाणाला नावे ठेवणार नाही. फळ एकसारखे, रंग गडद, चकाकी उत्तम, चार दिवस ठेवले तरी सुरकुती नाही. मंडळींनी टाळ्या वाजविल्या.

पहिले दोन दिवस नवा माल म्हणून भाव बरा मिळाला. आठवड्याने तोच माल गाळ्यावर पडून राहू लागला. किरकोळ विकणाऱ्या बायका क्रेटपाशी येत, एक वांगे उचलीत, देठ पाहत आणि ठेवून देत. "काटा नाही. गिऱ्हाईक म्हणतं, हायब्रीड आहे, चव नाही," एवढेच त्यांचे म्हणणे. हंगामाच्या शेवटी त्या शेतकऱ्याने पट्ट्या एकत्र लावल्या, तेव्हा तोलाई, हमाली आणि गाडीभाडे वजा जाता तोडणीची मजुरीही सुटत नव्हती. हमाली आमच्याच माणसांनी घेतली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. तो संघटनेच्या कचेरीत येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, जाणकारांनी चांगलं म्हटलं, गिऱ्हाइकानं वाईट म्हटलं. मग माझं वांगं हाय तरी कसं?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यात आमच्या दोन हिवाळ्यांच्या रात्री गेल्या. जे सापडले ते आज मांडतो.

प्रथम तज्ज्ञाची बाजू पाहू. कारण आमच्यासारखी चळवळीतली माणसे तज्ज्ञावर रागावण्याची घाई करतात. भाजीचे वाण तयार करावयाचे म्हणजे निरनिराळ्या गुणांच्या झाडांचा संकर करावयाचा, त्याच्या संततीतून पिढ्यानपिढ्या निवड करीत जावयाचे, आणि जे टिकेल ते वेगवेगळ्या हवापाण्यात लावून पाहावयाचे. यात आठदहा वर्षे सहज जातात. आपल्या देशात भाजीपाल्यासाठी अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९७०-७१ पासून चालू आहे. नवे वाण प्रचलित चांगल्या वाणाच्या शेजारी, एकाच वेळी अनेक केंद्रांवर लावून तुलना करावयाची, अशी त्याची रीत. त्या तुलनेत उत्पन्न, रोग, कीड, फळाचा आकार, किती दिवसांत तोडणीस येते, किती दिवस टिकते, हे सर्व मोजले जाते. जे मोजता येते त्याचा निकाल लागतो.

आणि हा निकाल किती मोलाचा असतो हे भेंडीवरून कळेल. भेंडीवर पाने व शिरा पिवळ्या पाडणारा एक विषाणुरोग पडतो. शेतकरी त्याला हळद्या म्हणतात. पांढरी माशी तो पसरविते. दिल्लीच्या संशोधन संस्थेचे 'पुसा सावनी' हे वाण एकेकाळी या रोगापुढे टिकत असे. पुढे तेही बळी पडू लागले. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीच्या एका रानटी जातभाईशी संकर करून 'परभणी क्रांती' हे रोगाला दाद न देणारे वाण १९८० च्या दशकात दिले. मंडईत भेंडीचा शेंडा मोडून पाहणारी गृहिणी ही फार चोखंदळ परीक्षक आहे, यात शंका नाही. कट्कन मोडली तर कोवळी, वाकली तर जून. प्रयोगशाळा तंतूचे प्रमाण काढून जे सांगते तेच ती दोन बोटांनी सांगते. पण हळद्याने शेत बसले तर मोडून पाहावयास भेंडीच उरत नाही. तिच्या बोटांपर्यंत भेंडी पोचविली ती त्या तज्ज्ञांनी.

तज्ज्ञ केवळ मोजतो असेही नाही; तो चाखतोही. मात्र त्याच्या चाखण्याची जात वेगळी आहे, आणि आमच्या मते या विषयाची खरी किल्ली येथेच आहे.

चाखण्याचेही एक शास्त्र गेल्या शतकात उभे राहिले. त्यात दोन प्रकारची माणसे बसवितात. पहिला प्रकार शिकविलेल्या चाखणाऱ्यांचा. दहाबारा माणसे निवडावयाची. गोड, आंबट, खारट, कडू यांची पातळ द्रावणे देऊन त्यांची जीभ तयार करावयाची. आठवडेच्या आठवडे सराव द्यावयाचा. मग ती माणसे सांगतात, की या वांग्यात कडवटपणा एवढा, गर एवढा मऊ, बी दाताखाली एवढे लागते. दुसरा प्रकार साध्या खाणाऱ्यांचा. त्यांना काही शिकवावयाचे नाही. ती पुष्कळ हवीत, शंभर किंवा अधिक, आणि त्यांना एकच विचारावयाचे: आवडले का, आणि किती?

आमच्या तोलणारांच्या भाषेत सांगावयाचे तर पहिला मनुष्य काटा आहे आणि दुसरा गिऱ्हाईक. काट्याने वजन सांगावे. माल घ्यावा की न घ्यावा हे काट्याने सांगू नये. या शास्त्रातील जाणते लोक हा नियम कसोशीने पाळतात: शिकविलेल्या चाखणाऱ्याला 'आवडले का' हे विचारावयाचेच नाही. त्याची जीभ आता लोकांची जीभ राहिलेली नसते. लोकांना जे जाणवतही नाही ते त्याला खुपते, आणि लोक ज्यावर जीव टाकतात ते त्याला फाजील वाटते. उलट साध्या खाणाऱ्याला 'का आवडले' हे विचारून फारसा उपयोग नसतो. तो काहीतरी कारण सांगतो, पण ते खरे असेलच असे नाही. याचा पुरावा पुढे टोमॅटोत येईल.

या परीक्षांचा जन्म कोठे झाला हे मौजेचे आहे. तीन पेल्यांची परीक्षा १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्यात रूढ झाली. तीन पेले ठेवावयाचे, दोन एकाच पिंपातले आणि एक निराळा. निराळा कोणता ते ओळखा. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर ओळखणारच. म्हणजे तीस माणसे बसविली तर दहांचे उत्तर फुकाफुकी बरोबर येते. पंधरांचे आले तरच दोन वस्तूंत खरोखर फरक आहे असे मानतात. दुसरी परीक्षा नऊ पायऱ्यांची. 'अतिशय आवडले' येथून खाली 'अतिशय नावडले' येथपर्यंत, मधोमध 'ना आवडले ना नावडले'. ही अमेरिकन सैन्याच्या शिधाखात्याच्या शिकागो येथील संस्थेत दुसऱ्या महायुद्धानंतर डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसविली. कारण उघड होते. पोषणतज्ज्ञांनी हिशोबाने बांधलेला शिधा शिपाई खात नसेल तर त्याचे पोषण कागदावरच राहते. दारू गाळणारे आणि फौज पोसणारे, या दोघांना सामान्य माणसाची जीभ किती किमती आहे हे सर्वांआधी कळले. भाजी पिकविणाऱ्यांना ते फार उशिरा कळले.

टोमॅटोची हकीकत ऐका. तीत आम्ही थोडे अधिक रेंगाळणार आहोत, कारण ती केवळ चवीची नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात डबाबंद रसासाठी व चटणीसाठी टोमॅटोचे प्रचंड पीक निघते. ते तोडण्यासाठी मेक्सिकोतून करारावर मजूर आणीत असत. तो करार १९६४ च्या अखेरीस संपला. तत्पूर्वीच डेव्हिस येथील विद्यापीठात जॅक हॅना हे पैदासकार आणि कोबी लॉरेन्झन हे यंत्रज्ञ एका कामास लागले होते. लॉरेन्झन यांनी टोमॅटो तोडणारे यंत्र करावयाचे, आणि हॅना यांनी त्या यंत्रात फुटणार नाही असा टोमॅटो. सर्व फळे एकदम पिकली पाहिजेत, झटका दिला की वेलीवरून सुटली पाहिजेत, आणि टोपलीऐवजी पट्ट्यावर आपटली तरी शाबूत राहिली पाहिजेत. असा टोमॅटो त्यांनी काढून दाखविला. विद्येच्या दृष्टीने हे मोठेच काम होते. आम्ही ते हलके लेखीत नाही. पाचसहा वर्षांत तेथील कारखान्यांचे जवळजवळ सर्व पीक यंत्राने निघू लागले. लँग्डन विनर या विचारवंताने १९८० मध्ये दिलेले आकडे असे: १९६० च्या दशकाच्या आरंभी टोमॅटो पिकविणारे सुमारे ४,००० होते, ते १९७३ पर्यंत सुमारे ६०० उरले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अंदाजे ३२,००० रोजगार गेले. १९७९ मध्ये मजुरांच्या बाजूने विद्यापीठावर खटला झाला, की सार्वजनिक पैशाने केलेले संशोधन मूठभरांच्या पदरात पडले. खटला वर्षानुवर्षे चालला, आणि अखेर वरच्या न्यायालयात विद्यापीठ सुटले.

हा टोमॅटो रसाचा होता, ताटात कापून वाढण्याचा नव्हे, हे मान्य. तेव्हा चवीसाठी त्याला दोष देणे बरोबर होणार नाही. आम्ही तो आणला तो एवढ्यासाठी, की 'चांगले वाण' हा शब्द उच्चारताच कोणासाठी चांगले, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो. तेथे चांगले म्हणजे यंत्राला चांगले. प्रश्नपत्रिका यंत्राने काढली होती आणि तज्ज्ञाने तिचे उत्तर शंभरपैकी शंभर गुणांचे दिले.

चवीची गोष्ट त्याच्याहीपूर्वी सुरू झाली होती. जुन्या टोमॅटोला पिकताना देठाजवळ हिरवे खांदे राहत. व्यापाऱ्याला ते नको असत; फळ कधी तोडावे हेही त्यामुळे नीट कळत नसे. पैदासकारांना असे झाड सापडले की ज्याचे कच्चे फळ सर्वत्र फिकट हिरवे असते आणि पिकताना एकसारखे लाल होते. कित्येक दशके हा गुण निवडला गेला आणि नव्या वाणांत तो जवळजवळ सरसहा आला. १९१२ नव्हे, थेट २०१२ मध्ये अमेरिका व इतर देशांतील संशोधकांनी दाखवून दिले, की एकसारखे लाल होण्याचा हा गुण म्हणजे एक बिघडलेले जनुक आहे. ते जनुक शाबूत असते तेव्हा कच्च्या फळात हरितद्रव्य अधिक राहते आणि पिकल्यावर साखरही अधिक उतरते. खांदा हिरवा नको म्हणून आपण साखरेचा थोडा वाटा गमावला. आणि गंमत अशी, की हे कोणी जाणूनबुजून केले नाही. डोळ्याला हवे ते मागितले, जिभेला कोणी विचारलेच नाही.

त्याच सुमारास फ्लॉरिडा विद्यापीठात हॅरी क्ली आणि डेनिस टीमन यांनी जिभेला विचारले. जुनी-नवी डझनावारी वाणे साध्या खाणाऱ्यांपुढे ठेवली, पसंतीचे गुण घेतले, आणि त्याच फळांची रासायनिक फोड केली. त्यात दिसले ते असे, की लोक ज्याला गोड म्हणतात त्यात नेहमी साखरच अधिक असते असे नाही. काही वास असे आहेत की ते असले म्हणजे तेवढीच साखर अधिक गोड भासते. गोडी सांगतो जिभेची, आणि काम केलेले असते नाकाने! खाणाऱ्याची पसंती खरी होती, पण त्याने सांगितलेले कारण चुकीचे होते, असे वर म्हटले ते यावरून. २०१७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ ४०० वाणांची तपासणी प्रसिद्ध केली. नव्या व्यापारी वाणांत चवीचे १३ सुगंधी घटक जुन्यांच्या मानाने घटलेले आढळले. ते एका दिवसात कोणी काढून टाकले नव्हते. ते मोजीत कोणी नव्हते, म्हणून गळत गेले. बाजारात टोमॅटोचे पैसे वजनावर मिळतात. वासाला वजन नाही. शेतकऱ्याने तरी तो कशासाठी पिकवावा?

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग तज्ज्ञाला बाजूस सारा आणि वाण गिऱ्हाइकाच्या हाती द्या. आमचेही प्रथम तेच मत झाले होते. ते कसे ढिले पडले ते सांगतो.

संघटनेच्या उपाहारगृहात रोज दुपारी हमाल-तोलणार जेवतात. तेथे आम्ही तीन वांगी आणविली: एक नेहमीचे काटेरी, एक खानदेशी भरताचे, आणि एक त्या शेतकऱ्याचे बिनकाट्याचे. पहिल्या दिवशी तीन पातेल्यांवर नावे लिहिली. चाळीसएक माणसे जेवली. बहुतेकांनी काटेऱ्यास कौल दिला आणि बिनकाट्यावर तोंडसुख घेतले. पुढच्या आठवड्यात तीच वांगी, तोच मसाला, पण पातेल्यांवर नावांऐवजी नुसते आकडे, आणि देठ आधीच काढून टाकलेले. कौल फिरला. मसाल्याच्या भाजीत काटेरी कोणते आणि बिनकाट्याचे कोणते, हे पैजेने सांगणारेही चुकले. तिसऱ्या वेळी आम्ही तिन्हींचे भरीत करविले, आणि तेथे मात्र सर्वांनी खानदेशी वांगे डोळे मिटून ओळखले. भरितात वांगे उघडे पडते. मोठे, हिरवट, बी कमी आणि भाजल्यावर गर लोण्यासारखा. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले ते उगीच नव्हे.

आमचा हा प्रयोग शास्त्रशुद्ध नव्हता. माणसे थोडी, तीही एका पेशाची, सगळी भुकेली. शास्त्रज्ञ तीन आकडी क्रमांक देतात, वाढण्याचा क्रम माणसागणिक बदलतात, प्रत्येकाला वेगळ्या खणात बसवितात, रंगाने फसगत होऊ नये म्हणून तांबडा दिवा लावतात, दोन घासांमध्ये पाण्याने तोंड धुवावयास लावतात. आमच्याकडे शेजारचा काय म्हणतो हे पाहून हात वर होत होते. तरी एक गोष्ट पटली. गिऱ्हाईक पुष्कळदा वांगे खात नाही, नाव खाते. काटा ही चवीची खूण म्हणून त्याने धरलेली आहे. ती खूण कधीकाळी खरीही असेल.

'हायब्रीड' या शब्दाचे असेच. हा शब्द आपल्याकडे शिवी कसा झाला, हे तरुणांना ठाऊक नसेल. १९६४ मध्ये सी. एस. एच. १ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न भरघोस. पण खरिपाच्या पावसात कणीस भिजे, दाण्यावर बुरशी चढे, आणि मोहोळच्या मालदांडीच्या पांढऱ्या मऊ भाकरीची सवय असलेल्या तोंडाला ती भाकरी रुचेना. १९७२ च्या दुष्काळात मिळेल ते धान्य खाऊन दिवस काढलेल्या आमच्या आईच्या तोंडी 'हायब्रीड' म्हणजे पोट भरते, मन भरत नाही, असा अर्थ कायमचा बसला. तो अर्थ अर्धशतकानंतर एका वांग्याच्या देठावर येऊन बसला आणि एका शेतकऱ्याचे दीड एकर बुडाले. ज्वारीची जी आठवण खरी होती तिची शिक्षा वांग्याला झाली.

आणखी एक उदाहरण, जेथे जिभेवर सोडून भागलेच नसते. 'लेनापे' नावाचा बटाटा अमेरिकेत १९६७ मध्ये प्रसृत झाला. वेफर्स करणाऱ्यांना तो फार पसंत. तळल्यावर रंग सुरेख. पुढे त्यात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये अपायकारक प्रमाणात आहेत असे तपासणीत आढळले आणि १९७० मध्ये तो मागे घ्यावा लागला. मते मोजून हे कळले नसते. विष किती हा आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे, काट्याचा प्रश्न आहे, आणि तेथे काटेवाल्याचेच ऐकले पाहिजे. २०१० च्या आरंभी जनुक बदललेल्या वांग्यावर नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारीस केंद्र सरकारने ते वांगे स्थगित ठेवले. तेव्हा सभागृहांत हे दोन प्रश्न एकमेकांत पुरते मिसळले होते: वांगे अपायकारक आहे काय, आणि बियाण्यावर ताबा कोणाचा. पहिला काट्याचा, दुसरा लोकांचा. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नाही.

दोन्ही जिभा एकत्र बसविल्याचे उत्तम उदाहरण आम्हांला आफ्रिकेत सापडले. ते रताळ्याचे आहे, आणि एकादशीच्या कृपेने रताळे आपल्याला परके नाही. पूर्व व दक्षिण आफ्रिकेत अ-जीवनसत्त्वाअभावी मुलांची दृष्टी जाते, मुले दगावतात. तज्ज्ञांना उपाय दिसत होता. आतून नारिंगी असणाऱ्या रताळ्यात ज्या द्रव्यापासून शरीर हे जीवनसत्त्व बनविते ते भरपूर असते. प्रथम परदेशी नारिंगी वाण नेले. लोकांनी ते हवे तसे धरले नाहीत. त्यांना रताळे कोरडे, पिठूळ लागते. हे नवे पाणचट, मऊ. शिवाय दुष्काळात वेल मरून जात आणि पुढच्या लावणीला बेणे उरत नसे. येथे 'लोक अडाणी आहेत' असे म्हणून पत्रके वाटीत बसणे सोपे होते. मारिया आंद्राद आणि रॉबर्ट म्वांगा यांनी तसे केले नाही. त्यांनी तक्रार खरी मानली, स्थानिक वाणांशी संकर करून कोरडेपणा आणला, आणि निवडीच्या वेळी शेतकरी स्त्रियांना शेतावरच उकडलेले रताळे चाखावयास बसविले. २०११ मध्ये मोझांबिकमध्ये दुष्काळ सोसणारे १५ वाण प्रसृत झाले. त्याच परीक्षांत हेही दिसले, की लहान मुलांना मऊ रताळेच बरे वाटते. म्हणजे एकाच घरात, एकाच पातेल्याभोवती दोन गिऱ्हाइके! २०१६ चे जागतिक अन्न पारितोषिक या दोघांना, जॅन लो आणि हॉवर्थ बुईस यांच्यासह मिळाले.

गिऱ्हाईक एक नाही, हे तर आमच्या बाजारात रोज दिसते. कांदा घ्या. घरच्या बाईला तिखट लाल कांदा हवा, वाळवून भुकटी करणाऱ्या कारखान्याला घट्ट रसाचा पांढरा हवा, आणि चाळीत साठविणाऱ्याला चार महिने न कुजणारा हवा. तज्ज्ञाने कोणाचे ऐकावे? व्यवहारात तो ज्याचा आवाज त्याच्या कानी पडतो त्याचे ऐकतो, आणि तो आवाज बहुधा मध्यस्थाचा असतो. व्यापारी स्वतःला गिऱ्हाइकाचा मुखत्यार समजतो. तो सांगतो, 'गिऱ्हाइकाला चकाकी पाहिजे.' वास्तविक चकाकी त्याला स्वतःला पाहिजे असते, कारण चकाकी चौथ्या दिवशीही दिसते. यात लबाडीच असते असे नाही. ज्याचा माल सडतो त्याला सडण्याचीच धास्ती असणार.

आणि खाणाऱ्यांतही ज्यांना कोणीच विचारीत नाही, ती रांधणारी बाई. आमच्या प्रयोगात चाळीस पुरुषांनी मते दिली. भांडी आवरताना उपाहारगृहाच्या मावशी म्हणाल्या, "दादा, तुम्ही सगळ्यांना विचारलंत, मला नाही विचारलंत."

"सांगा ना, मावशी."

"हे बिनकाट्याचं चिरायला सोपं, पण तेल फार पितं. आणि शिजायला काटेऱ्यापेक्षा वेळ घेतं. तुम्ही चव बघता, मी सिलिंडर बघते."

आम्ही वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात तेल आणि सिलिंडर यांची पायरी नव्हती. असलीच पाहिजे, आमच्या वाचनात आली नाही एवढेच. पण त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे पहिले खरे उत्तर आम्हांला तेथे मिळाले. त्याचे वांगे वाईट नव्हते. रोगाला चिवट, तोडणाऱ्या बोटांना सुखाचे, मसाल्याच्या भाजीत कोणापेक्षा कमी नाही. भरितात फिके, तेलाला जड, आणि खूण नसल्यामुळे बाजारात बदनाम. या गोष्टी वेगवेगळ्या माणसांना ठाऊक होत्या, आणि ती माणसे एकत्र बसली ती वाण विकावयास आल्यानंतर, शेतकऱ्याचे पैसे मातीत गेल्यानंतर. आठदहा वर्षांच्या वाटेत शेवटच्या मुक्कामावर गिऱ्हाईक भेटते, तोवर बियाण्याची पोती शिवून झालेली असतात. तिसऱ्याचौथ्या वर्षी, अजून पंधरावीस वाण हातात असताना, शंभर साधी माणसे आणि दहा रांधणाऱ्या बायका बसविल्या तर खर्च कितीसा येईल? आम्ही हा प्रश्न एका शेतकी संस्थेतील अभ्यासकांना विचारला. ते हसून म्हणाले, "खर्च थोडा, पण त्या रकान्याला आमच्या तक्त्यात जागा नाही." रकाना आखावयास किती खर्च येतो, हे आम्ही विचारले नाही.

तो शेतकरी अजून येतो. गेल्या हंगामात त्याने तीन वाणांची वीस-वीस रोपे बांधाकडेला लावली आणि पहिल्या तोड्याची वांगी विकण्याऐवजी आमच्या उपाहारगृहात आणून टाकली. मावशींनी अट घातली, की यंदा प्रत्येक पातेल्याचे तेल आणि वेळ त्या स्वतः वहीत लिहिणार आणि वही वाचल्याखेरीज कोणी हात वर करावयाचा नाही. वही आमच्या कचेरीत आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी दुपारी जेवणाच्या वेळेस यावे.